रांगेत न आलेली माणसं

२२ जुलै २०२३. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं. ४५ लोक अडकल्याची पहिली बातमी आली, हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलावली गेली, आणि नंतर आकडा वाढत गेला. त्याच दिवशी यवतमाळ शहरातही पाणी शिरलं. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी खिचडी शिजवली. किती जणांची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अंदाजानेच देग चढवली.

किती, कुठे, कुणाला? १८९९-१९०० च्या दुष्काळातही आपल्या जिल्ह्यापुढे हेच प्रश्न होते. तेव्हा जिल्ह्याचं नाव वणी होतं. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळालं. वऱ्हाड निजामाचा, कारभार इंग्रजांचा. यवतमाळसाठी जवळचं मोठं रेल्वे स्टेशन धामणगाव. तिथून पुढे सुमारे ४५ किलोमीटर बैलगाडी. दुष्काळात वैरण संपली की बैल बसतो, आणि बैल बसला की धान्यही वाटेतच अडकतं. म्हणजे माल किती लागेल हे आधी कळायला हवं.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने यासाठी नियमावल्या केल्या. धान्य महागलं, सावकाराने उधारी बंद केली, चोऱ्या वाढल्या, लोक गाव सोडू लागले, की सावध व्हायचं. मग खडी फोडण्यासारखी थोडी ‘चाचणी कामं’ काढायची. मजुरी पोटापुरती. तरीही माणसं आली, तर दुष्काळ खरा समजायचा आणि आलेल्यांच्या संख्येवरून पुढची तयारी करायची.

युक्ती हुशारीची, पण निर्दय. ज्याच्या अंगात चालत जाण्याची ताकद उरली नाही, तो मोजलाच जात नाही. म्हणून म्हातारे, अपंग, आजारी यांच्या गावनिहाय याद्या करून फुकट मदत द्यायची तरतूद होती. त्यात पर्दानशीन बायकांचाही उल्लेख होता: त्यांना घरी मदत पोचवायची. पण यादीत नाव आलं तरच.

आमची खिचडी रांगेत आलेल्यांना मिळाली. मागच्या गल्लीत एक विधवा आपल्या आजारी सासूला सोडून येऊ शकली नाही. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी रोज त्याच गल्लीतून शाळेत जाते.

तेव्हापासून पावसाळ्याआधी मी एक वही काढते. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, कोण हात पसरणार नाही, हे लिहून ठेवते. देग किती मोठी चढवायची ते तेव्हाही अंदाजानेच ठरेल. पण पहिले डबे कुठे न्यायचे, ते आधीच ठरलेलं असेल.