१४ नोव्हेंबर : एडिस्टोनचा पहिला दिवा

१६९८ : इंग्लंडच्या प्लिमथ बंदराबाहेरील एडिस्टोनच्या जहाजबुडव्या खडकांवर पहिले दीपगृह मेणबत्त्यांनी उजळले. बांधणारा हेन्री विन्स्टन्ली हा चित्रकार आणि यांत्रिक करामतींचा शौकीन; त्याची स्वतःची दोन जहाजे याच खडकांवर फुटली होती. बांधकाम चालू असताना फ्रेंचांनी त्याला पकडून नेले, पण चौदाव्या लुईने सोडून दिले. साहजिकच आहे, दिवा फ्रेंच जहाजांनाही उपयोगी पडणारच होता! भीषणात भीषण वादळात आपण या मनोऱ्यात असावे, असे विन्स्टन्ली म्हणे. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळात तो तिथेच होता. मनोऱ्यासकट वाहून गेला. पुढे १७५९ मध्ये जॉन स्मीटनने एकमेकांत गुंतवलेल्या दगडांचा मनोरा उभारला. तो शंभरावर वर्षे टिकला.