निकोटीन : एका माणसाचे नाव

परवा नातवाने विचारले, "आजोबा, निकोटीन या शब्दाचा मूळ अर्थ काय हो?" 'तंबाखूतले विष' यापलीकडे मला काही सांगता येईना. आयुष्यभर भाषा शिकवली, त्यामुळे जरा ओशाळलो आणि शोधायला बसलो.

गंमत अशी की, हा शब्द चक्क एका माणसाच्या आडनावावरून आला आहे. झां निको हा फ्रान्समधील नीम गावचा विद्वान. १५५९ साली तो राजदूत म्हणून पोर्तुगालला, लिस्बनला गेला. काम कोणते? तर तिथला पाच वर्षांचा राजा आणि सहा वर्षांची फ्रेंच राजकन्या यांची सोयरीक जमवायची! ती काही जमली नाही. पण अमेरिकेतून तिथे आलेल्या तंबाखूच्या रोपाने त्याला भुरळ घातली. हे औषधच, अशी खात्री पटून १५६० मध्ये त्याने ते फ्रान्सच्या दरबारी पाठवले. त्याच्याआधी आंद्रे थेवे या धर्मगुरूने ब्राझीलहून तंबाखू आणला होता. नाव मात्र निकोचे झाले, म्हणून तो बिचारा चरफडत राहिला.

पुढे १७५३ मध्ये लिनियसने या वनस्पतीच्या प्रजातीला 'निकोटियाना' नाव दिले. १८२८ मध्ये जर्मनीत हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान यांनी तंबाखूतून विषारी द्रव्य वेगळे काढले. ते झाले निकोटीन.

मला चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. निको स्वतः कोशकार होता. त्याचा फ्रेंच शब्दकोश त्याच्या मृत्यूनंतर, १६०६ मध्ये छापला गेला. त्यात त्याच्याच नावावरून पडलेला तंबाखूचा शब्दही आहे. अर्थ काय दिलाय? जखमा आणि व्रण बरे करणारी गुणकारी वनस्पती!

हे वाचले आणि आई आठवली. दात बळकट होतात म्हणून ती रोज सकाळी मशेरी लावायची. आम्हा भावंडांना ठाऊकच आहे, शेवटी तिच्या तोंडातला व्रण बरा झाला नाही. मी शिकलेला, मास्तर. पण 'औषध आहे रे' असे ती म्हणाली की गप्प बसायचो.

निकोने फसवले नाही, आईनेही नाही. दोघांचाही त्या अर्थावर विश्वास होता. नातवाला आता मी दोन्ही अर्थ सांगितले आहेत, जुना आणि खरा.

असो. तुमच्या घरी कुणी मशेरी लावत असेल, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.