हवेतल्या विद्यापीठाचे पाय

मिश्र अध्ययनाचा जन्म संगणकासोबत झाला असे हल्ली गृहीत धरले जाते. इतिहास वेगळे सांगतो.

१९६३ साली ग्लासगो येथील भाषणात हॅरल्ड विल्सन यांनी ‘हवेतल्या विद्यापीठा’ची कल्पना मांडली. तिची टवाळीही पुष्कळ झाली. खाणकामगाराची कन्या असलेल्या मंत्री जेनी ली यांनी मात्र ती नेटाने पुढे नेली; पदवीचा दर्जा तसूभरही खाली येऊ नये, हा त्यांचा आग्रह. १९६९ मध्ये ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ मध्ये अध्यापन सुरू झाले. पूर्वपात्रतेची अट नव्हती. त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही दार उघडले.

बीबीसीवरील कार्यक्रम ही या विद्यापीठाची जगाला दिसणारी बाजू. खरा भार टपालाने येणाऱ्या पुस्तिका, स्वाध्यायांवर शिक्षकांनी लिहिलेले शेरे आणि उन्हाळी निवासी वर्ग यांनी वाहिला. म्हणूनच २००६ मध्ये बीबीसीवरचे रात्रीचे पाठ थांबले, तरी विद्यापीठ थांबले नाही.

आपल्याकडे १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर आले. कार्यक्रम प्रारंभी बहुतांशी इंग्रजीत होते. शिवाय प्रक्षेपण एकतर्फी; पाहणाऱ्याची शंका परत पोहोचण्याची वाट त्यात नव्हती.

आम्हांला या इतिहासातून एवढेच दिसते की, माध्यमे विद्यार्थ्याला दारापर्यंत आणतात. आत त्याला धरून ठेवतो तो त्याचे लिखाण वाचणारा शिक्षक. तेव्हा साहित्याच्या वर्गात चित्रफीत दाखवण्यापूर्वी आम्ही स्वतःला विचारावे: ती पाहून विद्यार्थी जे लिहील, ते वाचणार कोण?