सागवानी जहाजाची साक्ष



बाजारहत्नूरच्या आपल्या मुलखाला समुद्र नाही. साग मात्र आहे. म्हणून एका सागवानी जहाजाची हकिकत मी आपणांपुढे ठेवीत आहे.

नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई झाली, तेव्हा ब्रिटिश आरमाराने मुंबईच्या गोदीत जहाजे बांधवून घेतली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. १९८६ पर्यंत ती मुलांना नौकानयन शिकविण्याच्या कामी होती. पुढे १९९० ते २००१ या काळात हार्टलपूल येथे तिचा जीर्णोद्धार झाला.

लाकडी जहाजाचा डेक लवकर खराब होतो. खाऱ्या पाण्यापेक्षा सांध्यांतून झिरपणारे पावसाचे गोडे पाणीच त्याला अधिक कुजविते. दुरुस्तीत कुजका भाग निरोगी लाकडापर्यंतच काढावयाचा, खालची तुळई तपासावयाची, नवी फळी बसवून सांध्यांत तंतू ठासावयाचे आणि वर डांबर ओतावयाचे. सारेच नवे केले तर जहाज राहते, पण इतिहास जातो. काहीच न केले तर दोन्ही जातात. हार्टलपूलच्या कारागिरांनी निम्म्याहून अधिक मूळ लाकूड राखले.

इतिहासाच्या अभ्यासकाला याहून निराळे काय करावयाचे असते? आपल्याकडे जुना वाडा उतरविताना तुळई सरपणात टाकण्यापूर्वी एकदा ठोकून पाहावी, एवढीच माझी विनंती आहे. निरोगी साग खणखणीत आवाज देतो.