गिटारवादक तार्रेगा व त्याचे पहिले गुरु

स्पेन देशाच्या पूर्व किनाऱ्यानजीक बियारेआल नांवाचें एक गांव आहे. संत पास्कल बायलोन यांनीं १५९२ सालीं जेथें देह ठेवला, तें हेंच गांव. त्या संताच्या नांवें तेथें जो मठ आहे, त्यांत गेल्या शतकाच्या मागील शतकांत एक पहारेकरी होता. त्याची पत्नीही त्याच मठांतील धर्मभगिनींच्या सेवेंत होती. ह्या जोडप्याच्या पोटीं २१ नोव्हेंबर १८५२ रोजीं फ्रान्सिस्को तार्रेगा जन्मास आला. गिटारीस मैफलीचा मान मिळवून देणाऱ्यांत ज्याचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें, तो हाच. त्याच्या कीर्तीविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस येथें पाहावयाचें आहे तें इतकेंच, कीं जन्मभर पुरलेली ही ओढ त्या मुलास लागली कोठून.

चरित्रकार बहुधा एका नामांकित वादकाच्या भेटीस फार महत्त्व देतात. आमच्या मतें कथेचा आरंभ त्याहून पुष्कळ लहान जागीं आहे. बाप फावल्या वेळीं गिटार वाजवी. फ्लामेंको पद्धतीचें वादन त्यास येत असे. तो मठाच्या पहाऱ्यावर गेला, म्हणजे मुलगा ती गिटार मांडीवर घेई आणि कानीं पडलेले सूर तारांवर शोधूं लागे. शिकविणारा कोणी नव्हता. ऐकिलेली गोष्ट पुन्हां ऐकूं यावी, एवढीच इच्छा होती.

लहानपणींच त्याजवर एक मोठें संकट आलें. दाईपासून पळतांना तो शेतांस पाणी नेणाऱ्या पाटांत पडला, असें सांगतात. त्यामुळें त्याच्या डोळ्यांस कायमची इजा झाली. दृष्टि सर्वस्वीं जाईल, हें भय बापास पडलें. कुटुंब जवळच्या कास्तेयोन शहरीं राहावयास गेलें, आणि मुलगा आंधळा झालाच, तर निदान वाद्यावर पोट भरील, ह्या हिशेबानें त्यास संगीत शिकविण्याची तजवीज झाली. त्याचे पहिले दोन गुरु, एउखेनिओ रुईस व मानुएल गोन्सालेस, हे दोघेही अंध होते.

ह्या गोष्टीपाशीं थोडें थांबावें, असें आम्हांस वाटतें. डोळस गुरु शिष्याच्या हाताकडे पाहतो. बैठक, बोटांची ठेवण, मानेचा झोक, सर्व कांहीं पाहून बोलतो. अंध गुरूपुढें हें कांहींच चालत नाहीं. बोट पडद्यापासून तिळभर मागें राहिलें, तर तें त्यास दिसत नाहीं, परंतु तारेचा खरखराट ऐकूं येतो. त्याच्यापुढें वाद्याची परीक्षा एकच, ती नादाची. तार्रेगा पुढें एकेका सुराच्या गोडव्यासाठीं जिवाचें रान करीत असे. त्याचें मूळ ह्या दोन गुरूंपाशीं आहे, असें आम्ही समजतों.

१८६२ सालीं हुलियान आर्कास हा प्रसिद्ध गिटारवादक कास्तेयोनास आला. मुलाचें वादन ऐकून त्यानें त्यास बार्सिलोना येथें शिकावयास पाठविण्याविषयीं बापास सांगितलें. बाप कबूल झाला. मात्र मुलानें पियानोही शिकला पाहिजे, ही अट त्यानें घातली. त्या काळीं गिटार म्हणजे गाणाऱ्याची साथ करण्याचें वाद्य, अशीच पुष्कळांची समजूत होती. प्रतिष्ठा होती ती पियानोस. पुढें आर्कास दौऱ्यावर निघून गेला, आणि दहा वर्षांचा पोर घर सोडून बार्सिलोनाच्या कॉफीगृहांतून गिटार वाजवूं लागला. बापानें त्यास शोधून घरीं आणिलें. १८६५ सालीं तो पुन्हां पळाला. ह्या वेळीं वालेन्सियास, जिप्सी लोकांच्या टोळींत. आमच्या वाचकांपैकीं जे आईबाप आहेत, त्यांस त्या पहारेकऱ्याच्या जिवाची कल्पना येईल.

तथापि बापाची ती अट वायां गेली नाहीं. तरुणपणीं बुर्रियाना गांवीं पियानो वाजवूनच तार्रेगानें चरितार्थ चालविला, आणि तेथेंच आंतोनिओ कानेसा नांवाचा धनिक व्यापारी त्याचा आश्रयदाता झाला. १८७४ सालीं तो माद्रिदच्या संगीत विद्यालयांत दाखल झाला. शोपँ, बेटहोवन, शूमान यांच्या रचना पुढें त्यानें सहा तारांच्या वाद्यावर उतरविल्या, त्याही पियानोचें ज्ञान होतें म्हणूनच. दोन हातांच्या दहा बोटांचें काम तीन बोटें व एक आंगठा यांवर आणावयाचें, तर कोणता सूर ठेवावा व कोणता सोडावा, हें मूळ वाद्य जाणणाराच ठरवूं शकतो.

त्याची गिटार सेव्हिल येथील आंतोनिओ दे तोर्रेस यानें १८६४ सालीं घडविलेली होती. तोर्रेस मूळचा सुतार. त्यानें गिटारीचा भोपळा मोठा केला, तबली पातळ ठेविली व तिच्या आंतून पंख्याच्या काड्यांसारख्या लांकडी पट्ट्या चिकटविल्या. सतार ज्यांनीं जवळून पाहिली आहे, त्यांस तबली पातळ असल्यानें आवाज कसा खुलतो, हें सांगणें नको.

पॅरिस व लंडन येथें तो गाजला; पण मोठ्या दिवाणखान्यांपेक्षां चार रसिकांची बैठक त्यास अधिक प्रिय होती. १८८५ पासून त्याचें वास्तव्य बार्सिलोना येथें झालें. त्याच्या ‘आल्हांब्राच्या आठवणी’ ह्या रचनेंत आंगठा खालचे सूर चालवितो आणि तीन बोटें एकामागून एक तोच सूर इतक्या त्वरेनें छेडितात, कीं तुटक तारेंतून अखंड नाद निघतो. त्याच्या एका वॉल्ट्झ नृत्यरचनेचे तेरा मोजके सूर नोकिया कंपनीच्या भ्रमणध्वनींतून जगभर वाजले. ऐकणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस कर्त्याचें नांव ठाऊक होतें.

१९०२ च्या सुमारास त्यानें उजव्या हाताचीं नखें कापून टाकिलीं व केवळ बोटांच्या मांसल टोकांनीं वाजवूं लागला. आवाज लहान झाला, पण मृदु झाला. त्याच्यामागून आलेल्या सेगोव्हियानें मोठीं सभागृहें जिंकण्यासाठीं नखांचाच आधार घेतला; आमचें मन मात्र तार्रेगाच्या बाजूस झुकतें. १९०६ सालीं अर्धांगवायूनें त्याची उजवी बाजू गेली, तोच हात, तींच बोटें. त्यानें अभ्यास सोडिला नाहीं. योबेत व पुजोल यांसारखे शिष्य त्यानें घडविले. त्याची अखेरची रचना शूमानच्या एका छोट्या पियानो-कृतीवरून बेतलेली आहे. तिजवर २ डिसेंबर १९०९ ही तारीख असून, मिस्साविधींत प्रार्थनेपूर्वीं उच्चारला जाणारा ‘ओरेमुस’ हा लॅटिन शब्द तिचें नांव आहे. तेरा दिवसांनीं, १५ डिसेंबर रोजीं, तो बार्सिलोना येथें निवर्तला. १९१५ सालीं त्याच्या अस्थि कास्तेयोन शहरीं आणण्यांत आल्या.