मोटारीचें पाणी किती तापावें?

मनुष्याच्या शरीराची स्वाभाविक उष्णता ९८.४ अंश फॅरनहाइट असते, हें आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. ती वाढली तर आपण घाबरतों, आणि फार उतरली तर अधिकच घाबरतों. परंतु दारांत उभ्या असलेल्या मोटारीच्या इंजिनांतील पाण्याची स्वाभाविक उष्णता किती, असें विचारलें तर 'जितकी कमी तितकी बरी' हेंच उत्तर बहुधा मिळतें. हें उत्तर बरोबर नाहीं. तें कां बरोबर नाहीं, हें मोटारीच्या इतिहासावरून उत्तम रीतीनें समजतें. म्हणून तोच इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. यापुढील अंश मात्र सेंटिग्रेडचे आहेत.

इंजिनांत पेट्रोल जळलें म्हणजे जी उष्णता उत्पन्न होते, तिचा एक अंशच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. कांहीं भाग धुराबरोबर बाहेर पडतो, आणि बराच मोठा भाग नळकांड्यांच्या धातूंत शिरतो. हा भाग काढून नेला नाहीं, तर वंगण जळून दट्ट्या जागच्या जागीं अडकून बसेल. कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या पहिल्या मोटारींत यावर सरळ उपाय होता : नळकांड्याभोंवतीं पाणी ठेवावें व तें उकळून वाफ होऊन जाऊं द्यावें. उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंशांच्या वर तापत नाहीं. तेव्हां तापाची मर्यादा निसर्गानेंच आंखून दिली होती. अडचण होती ती पाण्याची. १८८८ सालीं त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांसह मॅनहाइमहून फॉर्झहाइमला शंभर किलोमीटरांहून लांबचा प्रवास करून गेल्या, तेव्हां वाटेंत त्यांना पुनःपुन्हां पाणी भरून घ्यावें लागलें.

तेंच पाणी थंड करून फिरून वापरतां येईल काय, हा पुढचा प्रश्न. त्याचें खरें उत्तर विल्हेल्म मायबाख यांनीं १९०० सालीं दिलें. एमिल येलिनेक या धनिक व्यापाऱ्याच्या आग्रहावरून डाइमलर कारखान्यानें ३५ अश्वशक्तीची जी गाडी बांधली व जिला त्याच्या कन्येवरून मर्सिडीज हें नांव मिळालें, तिच्या तोंडाशीं मायबाख यांनीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यांत ६ मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्यामधील फटींतून पाणी वाही. मागें एक पंखाही होता. त्यामुळें पूर्वीं जेथें १८ लिटर पाणी लागे, तेथें ९ लिटर पुरूं लागलें. १९०१ च्या मार्चमध्यें नीस येथील शर्यतींत या गाडीनें सर्वांवर मात केली, आणि श्रीमंतांच्या मोटारीचें रूपच पालटलें.

आपल्या प्रांतांतही या विद्येची परीक्षा झाली आहे. १९०८ सालीं मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींच्या टिकाऊपणाची स्पर्धा झाली, तींत घाट चढून एका रोल्स-रॉइसनें यश मिळविलें. ही गाडी पुढें ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं घेतली. आपल्या उन्हांत व आपल्या चढावांवर पाणी न उकळतां गाडी चालणें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

परंतु याच सुमारास दुसरी बाजू दिसूं लागली. थंड देशांत रेडिएटर प्रमाणाबाहेर काम करी आणि इंजिन तापेचना. थंड इंजिनांत पेट्रोलची नीट वाफ होत नाहीं. तें नळकांड्यांच्या भिंतींवरचें वंगण धुऊन काढतें. ज्वलनांतून निघणारें बाष्प आंतच निवळतें, व त्यानें धातु गंजतो. १९१२ च्या सुमारास बॉइस यांचा तापमापक रेडिएटरच्या टोपीवर दिसूं लागला, आणि १९१४ सालीं आलेल्या आठ नळकांड्यांच्या कॅडिलॅकमध्यें थर्मोस्टॅट बसविला गेला. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा द्वारपाल : पाणी ठराविक अंशापर्यंत तापेतों तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, आणि तापलें कीं उघडतो. रोल्स-रॉइसनें आपल्या फँटम गाडीच्या रेडिएटरपुढें उघडझांप होणाऱ्या उभ्या पट्ट्या बसविल्या, त्यांचाही हेतु हाच.

पुढें १९२७ पासून अमेरिकेंत पाण्यांत एथिलीन ग्लायकॉल मिसळण्याचा प्रघात पडला. त्यानें पाणी लवकर गोठत नाहीं व उशीरां उकळतें. नंतर दाब धरून ठेवणारी टोपी आली. वातावरणाच्या दुप्पट दाबाखालीं नुसतें पाणीही सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. म्हणजे बेंझच्या काळची १०० अंशांची मर्यादा आतां उरली नाहीं.

१९७९ ते १९९१ या काळांतील मोठ्या मर्सिडीज गाडीचा कांटा ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान राहिला, तर तिची प्रकृति उत्तम समजावी. दाट रहदारींत तो थोडा चढला, तरी गाडी चालूं लागतांच उतरला पाहिजे. याच्या उलट, १९९० नंतरच्या दशकांत बी.एम.डब्ल्यू.नें आपल्या मोठ्या गाड्यांच्या आठ नळकांड्यांच्या इंजिनांत सुमारें १०५ अंशांचा थर्मोस्टॅट घातला. इंजिनावर भार पडला कीं विजेच्या साहाय्यानें तो लवकर उघडतो. एका गाडीचा ताप तो दुसरीची प्रकृति! शिवाय अशा कित्येक गाड्यांत कांटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. तो हलला, तर समजावें कीं बिघाड बराच पुढें गेला आहे.

म्हणून 'आपला देश उष्ण, थर्मोस्टॅट काढून टाका' हा सल्ला कोणी मिस्त्री देईल, तर तो मानूं नये. कांटा खालीं राहील, मनाला समाधान वाटेल, आणि इंजिन आंतून झिजत जाईल. तसेंच तापलेल्या गाडीची टोपी कधींही उघडूं नये. दाब सुटतांच आंतील पाणी एकदम उकळून वर उसळतें, व हातातोंडाची होरपळ होते. गाडी थांबवावी, इंजिन बंद करावें, आणि तें पुरतें निवेपर्यंत थांबावें. आपल्या गाडीचा कांटा रोज कोठें असतो, हें मात्र मुलाच्या कपाळाच्या स्पर्शाइतकें ओळखीचें असूं द्यावें. त्यांत पडलेला फरक हाच पहिला इशारा होय.