‘ये ओल्ड’मधल्या ‘ये’ची कुळकथा

इंग्लंडमधील अनेक मद्यालयांच्या आणि दुकानांच्या पाट्यांवर ‘द’ या उपपदाच्या जागी ‘वाय’ आणि ‘ई’ ही दोनच अक्षरे दिसतात. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील ‘ये ओल्ड चेशायर चीज’ हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. आज हा शब्द सर्रास ‘ये’ असा वाचला जातो. हे स्पेलिंग रूढ होते त्या काळात मात्र त्याचा उच्चार ‘द’ असाच होता. येथील ‘वाय’ हा मुळात ‘वाय’ नव्हेच. लोप पावलेल्या एका अक्षराच्या जागी तो आला आहे.

इ.स. ५९७ मध्ये संत ऑगस्टीन केंटमध्ये आला. त्याच्या आणि आयरिश धर्मप्रसारकांच्या मागोमाग इंग्लंडमध्ये रोमन लिपी रुजली. इंग्रजीत मात्र आज ‘टी-एच’ने दाखवले जाणारे दोन ध्वनी होते, एक ‘थिंक’मधला आणि दुसरा ‘दिस’मधला. रोमन लिपीत त्यांच्यासाठी स्वतंत्र अक्षर नव्हते. ही उणीव लेखनिकांनी दोन अक्षरांनी भरून काढली. आडवी रेघ दिलेल्या ‘डी’पासून ‘एथ’ झाले आणि जुन्या रून लिपीतून ‘थॉर्न’, म्हणजे काटा, हे अक्षर घेतले गेले. उभा दांडा आणि त्याच्या मध्यावर उजवीकडे काढलेले पोट असे थॉर्नचे रूप होते. दोन्ही अक्षरे दोन्ही ध्वनींसाठी चालत.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर लेखनाला लॅटिन आणि फ्रेंच वळण लागले. एथ १३०० च्या सुमारास मागे पडले आणि ‘टी-एच’ची जोडी हळूहळू वाढत गेली. वारंवार येणाऱ्या लहान शब्दांत थॉर्न टिकून राहिले. ‘द’ लिहिताना थॉर्नच्या डोक्यावर बारीक ‘ई’ आणि ‘दॅट’ लिहिताना बारीक ‘टी’ काढला जाई. याच काळात थॉर्नच्या दांड्याचा वरचा भाग आखूड होत गेला आणि पोट वरून उघडे पडले. उत्तर इंग्लंडातील हस्तलिखितांत ते ‘वाय’हून वेगळे ओळखणे अशक्य झाले. गोंधळ टाळण्यासाठी काही लेखनिक खऱ्या ‘वाय’वर टिंब देत.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. त्या काळी युरोप खंडातून येणाऱ्या खिळ्यांत थॉर्न सहसा नसे, कारण तिकडच्या भाषांना त्याची गरज नव्हती. जुळारी त्याऐवजी ‘वाय’चा खिळा बसवू लागले. ओळीत जागा कमी पडली की हा संक्षेप विशेष उपयोगी पडे. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या आवृत्तीतही तो काही ठिकाणी आढळतो. स्कॉटलंडमध्ये ‘योग’ या अक्षराचे असेच झाले. त्याच्या जागी ‘झेड’ छापले गेले. म्हणूनच ‘मेंझीज’ असे लिहिलेल्या आडनावाचा परंपरागत उच्चार ‘मिंगिस’ आहे.

छपाईतून हा संक्षेप सतराव्या शतकात ओसरला, पण हातच्या लिखाणात अठराव्या शतकापर्यंत चालू राहिला. अमेरिकेतील प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याच्या हस्तलिखितात तो पानोपानी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सतराव्या शतकातील पत्रव्यवहारातही तो भेटतो, त्यामुळे ‘सेवाजी’ अशा स्पेलिंगने शिवाजी महाराजांच्या बातम्या देणारी वखारींची पत्रे वाचणाऱ्या अभ्यासकांना त्याची ओळख असावी लागते.

पुढे थॉर्नचा विसर पडला आणि अक्षर दिसते तसे वाचले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकात जुनेपणाची हौस वाढली, तेव्हा पाट्यांवर ‘ये ओल्ड’ मुद्दाम लिहिले जाऊ लागले. जुन्या इंग्रजीत ‘तुम्ही’ या अर्थाचे ‘ये’ हे सर्वनामही आहे. त्यातला ‘वाय’ अस्सल असून त्याचा उच्चार ‘यी’ असा होतो. म्हणून जुना मजकूर वाचताना संदर्भ पाहावा लागतो: पुढे नाम किंवा विशेषण आले तर बहुधा ‘द’, आणि शब्द क्रियापदाचा कर्ता असेल तर सर्वनाम. आजचे बरेच संपादक हा संक्षेप सोडवून ‘द’ असेच छापतात. खुद्द थॉर्न आणि एथ ही अक्षरे आइसलँडिक भाषेत आजही रोजच्या वापरात आहेत.